दुकान वाढवलं

“वाढवलं म्हणजे वाढवलंच ना? त्यात विचारायचं काय?” शाल्मली मॅडम म्हणाल्या आणि माझ्या स्क्रीनवरच्या त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

ओळ साधी होती. सांगोल्याकडच्या एका बाईला कुणीतरी फोन करून विचारलं होतं, तुमच्या दुकानाचं कसं काय चाललंय. बाईचं उत्तर फोन करणाऱ्या मुलीनं जसंच्या तसं टाइप केलं होतं : ‘दुकान वाढवलं.’ पुढच्या रकान्यात कॉम्प्युटरनं त्याचं इंग्रजी करून ठेवलं होतं, आणि त्याच्याही पुढच्या रकान्यात आमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी ते इंग्रजी वाचून शेरा मारला होता : प्रगती.

“मॅडम, दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं,” मी म्हणाले.

“बंद?”

“हो. दुकानदार रात्री दुकान बंद करतो ना, तेव्हा बंद केलं असं म्हणत नाही. वाढवलं म्हणतो. बंद हा शब्द तोंडातून काढायचा नसतो.”

 मॅडमचे आईवडील मराठीच, पण त्या लहानाच्या मोठ्या झाल्या दिल्लीत. मराठी छान बोलायच्या, मात्र ते घरातल्या घरात वापरलेलं मराठी होतं. बाजारात कधी गेलेलं नव्हतं.

“आणि एखादीनं दुकान खरंच मोठं केलं असेल, तर ती काय म्हणेल?”

“तीही वाढवलंच म्हणेल.”

“अरे देवा,” मॅडम हळूच म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

हे माझ्या पहिल्या नोकरीतलं. संख्याशास्त्रात पदवी घेऊन मी बार्शीहून पुण्याला आले होते आणि बाणेरच्या एका लहानशा कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून चिकटले होते. चिकटले म्हणजे उमेदवारीवर. काम पसंत पडलं तर पक्की, नाहीतर आपला रस्ता धरायचा. डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणजे काय हे गावात कुणाला कळलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी तर मी सुट्टीला गेल्यावर त्यांचा बिघडलेला मोबाइल माझ्यापुढे आणून ठेवला. खरं सांगायचं तर मलाही कुठे कळलं होतं? मला वाटलं होतं, पडद्यावर रंगीत आलेख सरसर वर चढत असतील आणि मी त्यांच्याकडे बोट दाखवून साहेबलोकांना काहीतरी गंभीर सांगत असेन. प्रत्यक्षात दिवसभर तांदूळ निवडल्यासारखं काम. कुणी वयाच्या जागी फोन नंबर लिहिलेला, कुणी एकाच गावाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं. ते सगळं नीट करायचं, मग मॅडम त्याचं पुढे काय ते करणार.

आत्ताचं काम एका संस्थेचं होतं. नवरा नसलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना ती संस्था लहानसं दुकान घालून द्यायची. कुणाला किराणा, कुणाला कटलरी, कुणाला शिलाई मशीन. दोन वर्षांनी त्या दुकानांचं काय झालं, हे आम्ही शोधून सांगायचं होतं. मी इंग्रजी रकाना सोडून मूळ मराठी वाचत बसले होते, कारण इंग्रजी वाचायचा मला कंटाळा. त्या कंटाळ्यानंच हे उकरून काढलं म्हणायचं.

“तुला बरं हे माहीत,” मॅडम म्हणाल्या.

“आमचं दुकान आहे, मॅडम. बांगड्यांचं. आम्ही कासार.”

कासाराच्या दुकानात तर हा शब्द देवासारखा. बांगडी फुटली असं आमच्याकडे कधीही, कुणीही म्हणत नाही. बांगडी वाढवली. मी पाच-सहा वर्षांची असताना दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना ‘अप्पा, फुटली’ म्हणून ओरडले होते, तर एरवी माझ्यावर कधी आवाज न चढवणारे अप्पा इतके तांबडेलाल झाले की मी गादीखाली जाऊन लपले. नंतर त्यांनी मला मांडीवर घेऊन सांगितलं, “समोर बाई हात पुढं करून बसलेली असती. तिच्या हातावर तो शब्द टाकायचा नसतो.” मला तेव्हा काही कळलं नाही. पण शब्द मात्र कायमचा सुटला.

अप्पा नुसते बांगड्या विकत नसत, भरत. बाईचा हात हातात घेऊन, अंगठ्याजवळचं हाड हलकेच दाबून, बोटं एकमेकांत मिटवून ते बांगडी अशी आत सरकवायचे की बाईला कळायचंसुद्धा नाही. लग्नाचा हिरवा चुडा भरायला बार्शीतली निम्मी घरं त्यांनाच बोलवायची. दुकानात फारसं काही उरलं नव्हतं तरी त्या चुड्यांवर ते चाललं होतं. आई गेल्यावर तर अप्पांना दुकान सोडून दुसरं काही नव्हतंच. घरी फक्त झोपायला यायचे.

आणि त्यांचा हात कापायला लागला होता.

दिवाळीत गेले तेव्हा मी पाहिलं. चहाची बशी धरली की ती वाजायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे वाढतच जाणार, असंही सांगितलं होतं. मी म्हणाले, अप्पा, आता पुरे करा, माझ्याकडे चला. तर म्हणाले, “तुझी नोकरी पक्की होऊ दे. मग बघू.” मी म्हणाले, मग तोवर एखादा माणूस तरी ठेवा हाताखाली. तर हसले. “हात काय भाड्यानं मिळतो का?”

म्हणजे माझी नोकरी पक्की झाली की दुकान जाणार, हे तेव्हाच ठरल्यासारखं झालं. मी रोज मन लावून काम करायची, मॅडमनी शाबासकी दिली की हुरळून जायची आणि रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, होऊ नये पक्की. दुकान नसलेले अप्पा मला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हते. सकाळी उठून हा माणूस जाणार कुठे?

त्या ‘वाढवलं’च्या ओळीनंतर मॅडमनी फोन करायचं काम लगेच माझ्याकडे दिलं. “ज्या-ज्या ओळीत ‘वाढवलं’ आहे, त्या प्रत्येक बाईला तू स्वतः फोन कर. चालू की बंद, एवढंच विचार.”

“मला वाचून कळतंय मॅडम, कोणत्या बंद आहेत ते. पुढेमागे काय लिहिलंय त्यावरून.”

“तुला कळतंय. शीटला कळत नाही.” त्या चिडून नव्हत्या बोलत. “हे बघ मृणाल, ह्यांची दुकानं आपण वाढलेली दाखवली तर संस्था म्हणेल, छान, ह्यांना आता मदतीची गरज नाही. बंद आहे हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि आपण तसं लिहिलं, तरच त्यांना पुन्हा काही मिळेल. अंदाजानं लिहिलेलं उद्या कुणी विचारलं तर टिकणार नाही.”

त्यांचं बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील, आपल्या दुकानातला शब्द पुण्याच्या ऑफिसात कामाला आला म्हणून. 

“म्हणजे त्या बायांना तू फोन करणार. आणि बंद म्हणायला लावणार.”

“त्यांच्याच भल्यासाठी आहे, अप्पा.”

“आसंल की. मी कुठं नाही म्हणायलोय.” मग म्हणाले, “पण त्यांनी सांगितलंय की गं तुला. कुणाला काय झालंय ते सांगायचं आणि तोंडानं वंगाळ बी बोलायचं नाही, म्हणून तर तो शब्द आहे. त्याच्या मागं जाऊन परत विचारायचं म्हणजे…”

“इथं तसं चालत नाही. एक तर हे, नाहीतर ते.”

“मग अवघड काम आहे बाई तुझं,” अप्पा म्हणाले. “जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी मी फोन करायला बसले. काही बायकांनी खरंच दुकान मोठं केलं होतं. एकीनं तर मला फ्रीज किती मोठा घेतला, त्यात काय काय ठेवते, नणंद कशी जळते, सगळं ऐकवलं. असे फोन झाले की मी खुशीत ‘चालू’ लिहायची. काहींनी स्वतःहूनच सांगितलं की नाही झेपलं, आता दुसऱ्याच्या शेतात जाते. एका बाईच्या मुलानं फोन उचलून सांगितलं, आई आता मामाकडे असते. मग सांगोल्याकडची ती पहिली ओळ आली. बाईचं नाव छबूबाई वाघमोडे. कटलरी, बिस्किटं आणि पोरांची खेळणी, असं दुकान.

“छबूबाई बोलताय का? मी पुण्याहून बोलते. तुमच्या दुकानाबद्दल विचारायचं होतं.”

“सांगितलं की मागं त्या पोरीला. वाढवलं म्हणून.”

“हो मावशी, लिहिलंय ते. पण वाढवलं म्हणजे… मोठं केलं, की…”

 पलीकडे कुठेतरी शेळी ओरडत होती.

“तुमी कुठल्या हो?” छबूबाईंनी विचारलं.

“बार्शीची.”

“बार्शीच्या हाय आन् तुमाला कळंना व्हय?”

माझा कान तापला. “कळतं मावशी. पण इथं लिहायला लागतं.”

“मग लिवा की. कोण नगं म्हणतंय?”

“तुम्ही सांगितल्याशिवाय लिहिता येत नाही. चालू की बंद, तेवढं एकदा सांगा. तुम्हाला परत मदत मिळायची असेल तर…”

“मदत मागितलीया का म्या?” त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “दुकानातच पोरगी झोपायची माजी. अभ्यास करायची तितंच. ती गेली मागल्या उन्हाळ्यात, तापानं. मग म्या ते वाढवलं. आता तुमीच सांगा, त्याला काय म्हंत्यात?”

 माझ्या समोर रकाना उघडा होता आणि त्यात खाली उघडणाऱ्या दोनच शब्दांची यादी होती. तिसरा शब्द त्यात बसत नव्हता.

“मावशी, राहू द्या,” मी म्हणाले. “मी बघते काय करायचं.”

“ऱ्हावं कशाला? तुमचं काम हाय ते.” त्यांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. “बंद. बंद हाय. लिवलं का?”

“लिहिलं.”

“आता परत कुणी इचारू नका मातुर,” छबूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तोंड धुऊन परत येऊन पुढचा फोन लावला, कारण यादी अजून बरीच होती. त्या आठवड्यात मी किती बायकांना तो शब्द बोलायला लावला, ते मोजलं नाही. मोजणं हेच माझं काम होतं, तरी तेवढं मोजलं नाही.

अहवाल गेला. प्रगतीचा आकडा एकदम खाली आला, आणि संस्थेच्या लोकांनी आधी नाक मुरडलं, पण मग बंद पडलेल्या दुकानांसाठी वेगळी मदत काढायचं मान्य केलं. मॅडमनी बैठकीत सगळ्यांपुढे माझं नाव घेतलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर चार दिवसांत मॅडमनी मला आत बोलावलं आणि उमेदवारी संपायच्या आधीच पक्कं केल्याचं पत्र हातात दिलं.

“घरी कळव,” त्या म्हणाल्या. “वडील खूश होतील.”

मी दोन दिवस कळवलं नाही. अप्पा रोजच्यासारखा फोन करत होते, मी रोजच्यासारखी जेवले म्हणून सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “काय गं, आवाज का असा? काढलं का काय तुला?”

“नाही अप्पा. पक्की केली.”



“चांगलं झालं,” अप्पा म्हणाले. “लई चांगलं झालं, मृणाल. तुझी आई असायला पाहिजे होती.” आणि मग, एवढे दिवस डोक्यावर धरलेलं ओझं कुणीतरी खाली उतरवून घ्यावं तशा आवाजात म्हणाले, “मग शनिवारी येतीस का? दुकानाचं काय ते बघू.”

शनिवारी मी दुपारी पोचले ती थेट दुकानातच गेले. अप्पा गादीवर बसले होते. मागची कपाटं रिकामी होती आणि बांगड्यांचे तोडे खोक्यांत भरून दोऱ्यानं बांधून ठेवले होते. दोऱ्याच्या गाठी ढिल्या, वेड्यावाकड्या पडल्या होत्या. त्या बांधायला त्यांना केवढा वेळ लागला असेल, ते दिसतच होतं.

“माझ्यासाठी थांबायचं होतंत ना, अप्पा. मी बांधली असती.”

“झालं की.” ते म्हणाले, “काय सांगू तुला, मागच्या महिन्यात देशमानेंच्या पोरीचा चुडा भरायला गेलो. पोरगी एवढीशी. हात कसला मऊ. आन् माझ्या हातनं तिला लागलं. रक्त आलं गं. मांडवात. सगळे म्हणाले असू दे अप्पा, असू दे. कुणी एक शब्द बोललं नाही मला. पण तवापासनं कुणी बोलावलंबी नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुझी नोकरी पक्की व्हायची होती.”

म्हणजे महिनाभर ते नुसतेच दुकान उघडून बसत होते. सकाळी उघडायचे, गादी झटकायचे, रात्री मला फोन करून म्हणायचे, वाढवतो आता. आणि मी पुण्यात बसून बायकांना विचारत होते की वाढवलं म्हणजे नक्की काय.

अप्पांनी उघडं ठेवलेलं एक खोकं पुढे ओढलं. त्यात हिरव्या बांगड्या होत्या, साध्या, काचेच्या.

“बस इथं. हात दे.”

“अप्पा, नको.”

“दे म्हणतो ना. लग्नात तुझ्या भरायच्या होत्या. तवा हे हात काय कामाचे असणार आहेत? आत्ताच भरतो.”

मी घड्याळ काढून ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसले. लहानपणी हजार बायकांना तिथं बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता आणि आतून सारखा हलत होता. त्यांनी अंगठ्याचं हाड दाबलं, बोटं मिटवली आणि पहिली बांगडी आत गेली. दुसरीही गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहरा असा झाला होता की मला क्षणभर वाटलं, डॉक्टर काहीही सांगोत, ह्यांना जमतंय.

तिसरी अर्ध्यात आली आणि त्यांचा हात जोरात हलला. काच माझ्या मनगटाला लागली. फार नाही, एक बारीक रेघ उमटली. बांगडीचे तुकडे आमच्या दोघांच्या मध्ये गादीवर पडले.

अप्पांनी तुकड्यांकडे बघितलं.

“फुटली,” ते म्हणाले.

मी जन्मात त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. 

“वाढवली म्हणा, अप्पा.”

“नको,” ते म्हणाले. रागानं नाही, अगदी शांतपणे म्हणाले. “गिऱ्हाईकाम्होरं तसं म्हणायचं. आता कोण हाये गिऱ्हाईक?”

त्यांनी काचा एकेक करून वेचल्या. मला हात लावू दिला नाही, कापेल म्हणाले. त्यांना एकेक तुकडा चिमटीत धरायला कितीतरी वेळ लागत होता. मी हातातल्या दोन बांगड्या धरून बसून राहिले. सगळ्या काचा कागदात गुंडाळून झाल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून उठले, चप्पल घातली आणि बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले.

“चल,” अप्पा म्हणाले. “बंद करू.”

त्यांच्या हातांना शटर ओढवत नव्हतं. ते मी ओढलं.